तांब्याभर पाणी आणि दोन दगड
उन्हाळी इंटर्नशिपचा तिसरा आठवडा, आज पुरंदरमधल्या एका ग्रामपंचायतीत पाण्याचा ताळेबंद समजवायचा होता. स्लाइड्स लावल्या आणि लाइटच गेली, मग पिशवीतले दोन दगड काढून टेबलावर ठेवले, एक काळा पाषाण (घट्ट, टणक खडक) आणि एक झिजलेला मांजऱ्या (छिद्रं-छिद्रं असलेला खडक), अन् दोन्हींवर तांब्यातलं पाणी ओतलं. पाषाणावरून सरळ ओघळून गेलं, मांजऱ्याने मात्र बरंचसं शोषून घेतलं. सरपंचताई लगेच म्हणाल्या, "म्हणजे तळ्याखाली पाषाण असला न् त्याला भेगा नसल्या तर खालच्या विहिरींना पाणी यायचंच नाही की!" मला इतका आनंद झाला ना, अख्खं वर्ष जिऑलॉजी शिकून मला हेच तर सांगायचं होतं.

मग फळ्यावर हिशोब. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर, ५०० मिलिमीटरला ५० लाख लिटर. सगळे गप्प. मागून एक आजोबा म्हणाले, "पोरी, मग एवढं पाणी जातं कुठं?" त्यावर दीड तास बोललो, वाहून जाणारं, उन्हाने उडणारं, उसाला लागणारं, सगळं. पुढच्या बंधाऱ्याची जागा ठरवायच्या आधी विहिरी मोजायच्या असं ठरलंय, मंगळवारी सकाळी सातला टेप घेऊन निघतोय, सरपंचताई पण येतायत.