उदबत्तीने सोडवलेला पेच: 1200 वॅट, सलग जवळपास दोन तास

झालं एकदाचं! काल रात्री माझा इन्व्हर्टर 1200 वॅटवर 1 तास 50 मिनिटं सलग चालला आणि तापून ट्रिप झाला नाही. काकूची भाजणी संपली म्हणून बंद केला, नाहीतर अजून चालला असता.

कामाच्या बेंचवर इन्व्हर्टरचा हाच डबा दोन तास निवांत चालला होता. हवा 31 अंश, हीटसिंक (आतली उष्णता हवेत सोडणारा ॲल्युमिनियमचा भाग) 62. तोच फोंड्याच्या घरात जिन्याखालच्या कोनाड्यात ठेवला आणि 38व्या मिनिटाला केएसडी, म्हणजे सिंक 85 अंशांना गेला की वीज तोडणारा स्विच, उघडली. लोड तोच: 1 एचपीची घरघंटी, फ्रीझर, दोन दिवे. चवथ (गणेशचतुर्थी) तीन आठवड्यांवर, बाहेर पाऊस, लाईट जाऊन-येऊन. काकू दारात उभी: "भाजणी मी भाजलीय रे, तू इन्व्हर्टर कशाला भाजतोस?"

पहिला संशय केएसडीवर, कारण आयआर गन (लांबून तापमान मोजणारी) सिंकवर 49 दाखवत होती. केएसडी बदलली, पुन्हा 38 मिनिटं. मग सिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर गन धरली तर 84! चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःची उष्णता किरणांनी फार कमी सोडतं, त्यामुळे गन फसते. हे मला माहीत होतं, तरी फसलो. ज्यांच्याकडे गन आहे त्यांनी टेप चिकटवूनच ठेवा.

दुसरा संशय सिंकला उष्णता पोचवणाऱ्या पेस्टवर. आठही मॉस्फेट (तापणारे ट्रान्झिस्टर) उतरवले, त्यांच्याखालचा अभ्रक बदलला, पेस्ट पातळ लावली. अर्धा रविवार गेला. निकाल: 38 मिनिटं. नंतर डोक्यात प्रकाश पडला की पेस्ट सुधारली तर मॉस्फेट थंड होतो, सिंक नव्हे. उष्णता तर तेवढीच सिंकमध्ये उतरणार. केएसडी बसलीय सिंकवर. म्हणजे ट्रिपसाठी ते सगळं काम फुकट. मॉस्फेटला बरं वाटलं असेल, एवढंच.

तिसरा उपाय दुसरा पंखा. ऑनलाइन मागवलेला, वर 'बॉल बेअरिंग' छापलेलं. लेबल सोलून पाहिलं तर आत साधं स्लीव्ह बेअरिंग. त्याने 41 मिनिटं मिळाली.

इथे गणित मांडून बसलो. 88 टक्के एफिशियन्सी धरली तर 1200 वॅटला आत येतात 1364, म्हणजे 164 वॅट डब्यातच उष्णता. हवा 10 अंश तापू द्यायची तर ताशी साधारण 50 घनमीटर पुरेत, म्हणजे 29 सीएफएम (मिनिटाला घनफूट). माझा जुना 120 मिलिमीटरचा एकटा पंखा मोकळ्या हवेत 70 देतो. जाळी-बिळीत निम्मे गेले तरी पुरतात. मग अडतंय कुठे?

देवघरातली उदबत्ती आणली. हवा आत घेणाऱ्या पुढच्या ग्रिलपाशी धरली, धूर आत गेला, छान. मागे धरली तर धूर चार इंचांवरच्या भिंतीवर आपटला, खाली वळला, डब्याच्या पायांखालून सरपटत पुढे आला आणि परत ग्रिलमधून आत! इन्व्हर्टर आपलीच उकाड्याची हवा पुन्हा पुन्हा पीत होता. ग्रिलपाशी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावला: ट्रिपच्या वेळी आत जाणारी हवा 53. सिंक आणि या हवेतला फरक: 85 वजा 53 म्हणजे 32. बेंचवर 62 वजा 31 म्हणजे 31. सिंक पहिल्या दिवसापासून ठीक होता. मी कधी आत जाणारी हवा मोजलीच नव्हती.

उपाय फुकटात झाला. सनबोर्डची आडवी-उभी पट्टी, कडेला दाराला लावतात तो फोमचा पट्टा, पुढचं आणि मागचं पूर्ण वेगळं. दुसरा पंखा काढला. आता आत जाणारी हवा 34, सिंक 66.

पण एक नवीनच भानगड. ग्रिलची मच्छरदाणी दीड तासात पिवळट झाली. घरघंटीचं पीठ! इथल्या दमटपणात ते जाळीवर अक्षरशः थापलं जातं. रंगाच्या ब्रशने निघालं, पण सिंकच्या फिन्समध्ये (पात्यांमध्ये) गेलं तर त्याचा लगदा होईल. जाळी काढावी तर पाल आत शिरते.

आधी ठरवलं होतं की मागच्या भिंतीला भोक पाडून गरम हवा बाहेर काढायची. ती भिंत नैर्ऋत्येला, जून ते सप्टेंबर पावसाचा मारा थेट तिथेच. लिहिता लिहिता सुचतंय, भोक हवंच कशाला? जिन्याच्या पायऱ्यांना मागे फळ्या नाहीत, गरम हवा तशीही वर जाणार. डबा उभा करून गरम हवेचं तोंड वर फिरवलं आणि हवा घ्यायला पाइप पडवीपर्यंत नेला, तर पीठही टळेल, पाऊसही. वरून काही सांडलं तर मात्र थेट बोर्डावर, म्हणून वर उतरतं छप्पर लागेल.

पाइप चार इंची पीव्हीसी घेतोय. दोन वळणांनी पंख्याचा दम किती जातो ते उदबत्तीनेच बघेन. काकूने पुडा लपवलाय, नवा आणावा लागेल.