बोटावरचा सौदा

मंगळवारची ओपीडी, नांदेडला. लोहा तालुक्यातले एक मामा आले होते, वय ७७, घशाचा कॅन्सर, तिसरी स्टेज. शुगर पंधरा वर्षांपासून, बीपी, एकदा अँजिओप्लास्टी झालेली. दोन्ही मुलं सोबत आणि मोठा आल्या आल्याच म्हणाला, मॅडम पैशाकडं बघू नका, सगळ्यात भारी ट्रीटमेंट द्या, वावर विकतो पण अण्णाला काही होऊ देऊ नका. असं कुणी म्हणलं की माझं मन लगेच तिकडं झुकतं, खरं सांगते. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, १.४ दिसलं, फार काही नाही असं वाटलं आणि मी फाईलवर रेडिएशन प्लस सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध लिहून सही पण केली.

मग सिस्टरनी वजन सांगितलं. ४६ किलो. १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, हे गणित केलं तर किडनीचं काम निघालं २९. सिस्प्लॅटिनसाठी आम्ही निदान ५० तरी बघतो. वाळलेल्या माणसाच्या अंगात मांसच नसतं, त्यामुळं क्रिएटिनिन फार वाढत नाही, रिपोर्ट बरा दिसतो आणि आत किडनी अर्धी पण चालत नसते. हे मला पाठ आहे, परीक्षेत लिहिलंय, तरी सही आधी झाली होती. त्या ओळीवर रेघ मारताना पोटात गोळा आला.

सगळ्या गोळ्या दाखवा म्हणलं तर धाकट्यानं कापडी पिशवी टेबलावर उलटी केली. अकरा प्रकारच्या स्ट्रिपा! अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी दोन कंपन्यांची, एक गावाकडच्या डॉक्टरची एक नांदेडची, दोन्ही रोज चालू. आणि मेडिकलवरून आणलेली डायक्लोफिनॅक, किडनीला मारणारी दुखण्यावरची गोळी, दोन वर्षांपासून सकाळ-संध्याकाळ. "गुडघा धरला की तीच घ्यायलाव म्याडम." किडनी कुठं चालली होती ते तिथंच दिसलं.

वयस्कर पेशंटसाठी जी-८ म्हणून १७ मार्कांची प्रश्नावली असते, १४ किंवा खाली आले की सविस्तर तपासायचं. मामांना १०. पण खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला ११ सेकंद, आणि डोकं एकदम तल्लख. म्हणजे नुसतं ७७ म्हणून घरी पाठवायचं असं पण नाही.

दुसरं केमो दिलं तरी हातापायाला मुंग्या येतात, बोटं बधिर होऊ शकतात, हे मी मुलांना सांगत होते तेवढ्यात मामाच बोलले. तोवर त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, मी पण नाही.

"बोटं बधिर? मग नगं." ते बैलबाजारात दलाली करतात. "उपरण्याखाली बोटावर सौदा होतोय म्याडम. दाबलेलं कळालंच नाही तर मला बाजारात कोण इचारील?" असं म्हणून त्यांनी मोठ्याचा हात उपरण्याखाली घेतला आणि एकेक बोट दाबत गेले. पंचेचाळीशीचा माणूस तो, डोळे पुसायला लागला.

ट्यूमर बोर्डात, म्हणजे कॅन्सरच्या सगळ्या डॉक्टरांच्या बैठकीत, ठरलं, नुसतं रेडिएशन, २० सिटिंग, चार आठवडे. मोठ्याला पटेना, म्हातारा म्हणून कमी द्यायलाव का म्हणाला. राग नाही आला, प्रश्न रास्तच होता. त्याला सांगितलं की सत्तरीच्या पुढं रेडिएशनला केमो जोडून आयुष्य वाढतं असं बऱ्याच चाचण्या एकत्र करून बघितल्या तेव्हा दिसलं नाही, त्रास मात्र वाढतो, आणि या किडनीवर तर सिस्प्लॅटिन द्यायचंच नाही.

सोपं गेलं असं नाही. तिसऱ्या आठवड्यात गिळणं बंद, नाकातून नळी टाकावी लागली, अडीच किलो वजन गेलं, मामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. डायक्लोफिनॅक बंद केल्यावर क्रिएटिनिन १.१ वर आलं, किडनीचं काम ३५ च्या आसपास. नळी निघाली तेव्हा मार्गशीर्ष लागला होता, पहिला प्रश्न माळेगावच्या जत्रेचा, तिथं जनावरांचा मोठा बाजार भरतो. जा म्हणलं, पण भाकरी दुधात कुस्करून खायची आणि धुळीत फार बसायचं नाही.

गेले होते. दोन सौदे केले म्हणे. रेडिएशन संपून तीन महिने झाले की कॅन्सर उरलाय का बघायला पेट-सीटी स्कॅन करायचा असतो, तो पुढच्या मंगळवारी आहे.