तुम्ही विचारलंत म्हणून: चेकवर सही माझी, मग पैसे का दिले नाहीत?

"विश्वस्त तुम्ही, चेकवर सही तुमची, मग मामांना पैसे का दिले नाहीत?" राममारुती रोडवर कोणी ओळखीचं भेटलं की हेच विचारतं. म्हणून एकदाच सगळं लिहितो.

आमच्या ट्रस्टकडे मोठी अशी ठेव एकच. नौपाड्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेने मृत्युपत्राने दिलेली. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून गरजू मुलींची कॉलेजची फी भरायची, एवढंच त्यात लिहिलं आहे.

मामा आमचे शिपाई. मामींच्या मणक्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा सभा चालू असताना ते बाहेर बाकावर हॉस्पिटलचा खर्चाचा कागद घेऊन बसले होते. आत बाकीचे म्हणत होते, एफडी मोडू, हळूहळू परत भरू, विचारणार कोण? मी म्हटलं, सही करणार नाही. एक सहकारी ओरडले, "पैसा काय तुमच्या बापाचा आहे?" नाही, माझ्या बापाचा नाही, म्हणूनच मला तो असा देता येत नव्हता. दार उघडं होतं. मामांनी शब्द न् शब्द ऐकला. माझ्याकडे न बघता त्यांनी कागदाची घडी केली आणि सगळ्यांसाठी चहा आणायला गेले. तो चहा मला प्यावा लागला.

आम्ही खिशातून पैसे काढले, पुरले नाहीत. हायकोर्टाच्या 2006 च्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात. मी त्यासाठी अर्ज केला, उत्पन्नाचे दाखले गोळा केले, खेटे घातले. खाट मिळाली, पण उशिरा. मामी आज आधाराशिवाय उभ्या राहू शकत नाहीत. ऑपरेशन आधी झालं असतं तर? डॉक्टरही ठाम सांगत नाहीत.

कायद्याचा धाक होताच, नाकारत नाही. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली हिशेबांचं ऑडिट होतं, ट्रस्टचं नुकसान केलं तर विश्वस्ताकडून वसुली होऊ शकते, पदही जातं. पण फक्त धाक असता तर मी आजारपण सांगून सभा टाळली असती. ती बाई जाब विचारायला परत येणार नाही आणि जिची फी बुडेल ती मुलगी सभेत बसलेली नाही. त्या दोघींच्या वतीने बोलायला तिथे विश्वस्तांशिवाय कोण होतं?

कॉलेजात असताना मीच तावातावाने म्हणायचो, कागदापेक्षा माणूस मोठा. तो मुलगा अजून मला विचारतो: ती मुलगी अजून यायची होती, मामा तर दाराबाहेर बसले होते. मी म्हणतो, तीही माणूसच. त्याला ते पटत नाही. रात्री कधीकधी मलाही पटत नाही. तरी उद्या तोच ठराव आला तर मी सही करणार नाही.

पुढच्या सभेत कर्मचाऱ्यांच्या आजारपणासाठी वेगळ्या निधीचा ठराव मांडतो आहे, फक्त नव्या देणग्यांतून. ज्यांनी मला रस्त्यात अडवून विचारलं, त्यांनी त्यात जमेल तेवढं घालावं आणि पावतीवर निधीचं नाव लिहून घ्यावं.