पंक्चर काय?

आमच्या रत्नागिरीत मांडवीच्या जेट्टीपासून भाट्याच्या पुलापर्यंत सायकल हातात धरून चालत गेलो की वाटेत किमान चार माणसं विचारतात, पंक्चर काय? हे मी मोजलंय. एकदा सहा झाली होती, पण त्यातल्या एकानं जातानाही विचारलं आणि येतानाही, म्हणजे पाचच धरा.

पहिला महिनाभर मी इमानदारीत उत्तर द्यायचो, नाही हो, असंच, चालतोय जरा. हे "असंच" कुणालाच पटायचं नाही. सायकल आहे, हवा आहे, माणूस धडधाकट दिसतोय, मग बसत का नाही मेला? एका रिक्षावाल्या दादानं तर रिक्षा कडेला घेऊन पुढचं चाक दाबून बघितलं, मग मागचं दाबलं, आणि मग माझ्या तोंडाकडे असं बघितलं की हवा चाकातली नाही, दुसरीकडचीच कुठलीतरी गेलीय. तेव्हापासून मी सरळ हो म्हणतो. हो म्हटलं की "पुढं नाक्यावर दुकान हाय" असं सांगून माणूस समाधानानं पुढं जातो, मीही जातो.

झालं असं की डॉक्टरनी सांगितलं रोज चाळीस मिनिटं चाला, आणि त्याच सुमारास मुलगा इंजिनियरिंगला पुण्याला गेला आणि त्याची एकवीस गिअरची सायकल पडवीत भिंतीला टेकून राहिली. दर रविवारी त्याचा फोन, पप्पा, सायकल चालवता ना, नाहीतर गंजेल ती. आता डॉक्टर म्हणतो चाला, मुलगा म्हणतो चालवा, दोघांनाही नाही म्हणायची माझी छाती नाही, मग मी सायकल घेऊन चालायला जायला लागलो. थोडं बसायचं, बरंच ढकलायचं. बायको म्हणाली, अहो लोक कुत्रा फिरवायला नेतात, तुम्ही सायकल फिरवायला नेता.

पण खरं सांगू, रत्नागिरीत समुद्राच्या कडेकडेनं जायचं तर दुसरा इलाजच नाही. मुंबईला मरीन ड्राइव्हवर कसं, एका टोकाला सुरू केलं की साडेतीनेक किलोमीटर मान वर न करता चालत राहा. आमच्याकडे असा सलग रस्ता नाहीच. मधेच रत्नदुर्गाचा डोंगर घोड्याच्या नालासारखा समुद्रात घुसलाय, त्याच्या उत्तरेला मिऱ्या आणि पांढरा समुद्र, दक्षिणेला मांडवीचा काळा समुद्र, मग राजिवडा, मग काजळी नदीची खाडी, पूल, आणि पलीकडे भाट्याची चौपाटी. तुकडे तुकडे आहेत सगळे. कुठं बंधारा, कुठं बोळ, कुठं जेट्टी, कुठं नुसती वाळू. हे तुकडे जोडत जायचं तर दर पंधरा मिनिटांनी उतरावं लागतं, आणि उतरलं की परत बसायचा कंटाळा येतो (हे वयाचं असेल).

मिऱ्याच्या बाजूला तसं बरं आहे. दगडांचा बंधारा, एका अंगाला पाणी, एका अंगाला माड आणि घरं. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं जहाज भरकटत येऊन इथंच किनाऱ्याला लागलं आणि पुढं काही वर्षं तसंच पडून होतं. सुरुवातीला अख्खं गाव बघायला लोटलं, पोरं सेल्फी काढायला यायची, पाहुणे आले की आधी जहाज आणि मग थिबा पॅलेस असा क्रम झाला होता. मग सवय झाली. एवढं मोठं जहाज दारात आणि माणसं त्याच्याकडे न बघता दूध आणायला चालली आहेत, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. सायकल ढकलणाऱ्या माणसाकडे मात्र बघतात.

मिरकरवाड्याला तर बसायचा प्रश्नच येत नाही. बोटी लागलेल्या असल्या की बंदरावर वितळलेल्या बर्फाचं पाणी, त्यात खवलं, हातगाड्या, टेंपो रिव्हर्स घेणारे, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, आणि खलाशी, त्यातले कितीतरी नेपाळहून आलेले, ज्यांनी इथं येईपर्यंत समुद्र बघितलेला नसणार आणि आता बांगड्याचा भाव तुमच्याआमच्यापेक्षा चोख सांगतात. सायकलवरून गेलात तर हे सगळं म्हणजे नुसता अडथळा, कधी एकदा पार होतोय असं होतं. नुसतं चालत गेलात तर रिकामटेकडा समजून बाजूला सारतात. पण सायकल हातात असली की माणूस कामाचा वाटतो! एकदा एका मावशीनी काही न विचारता बांगड्यांची पिशवी माझ्या हँडलला अडकवली आणि म्हणाल्या, चला, नाक्यापर्यंतच. वाटेत त्यांनी तारली कशी महाग झाली, सून कशी मासे साफ करत नाही, आणि जून-जुलैत बंदी असते तेव्हा घर कसं चालवायचं, सगळं सांगितलं. एक जून ते एकतीस जुलै, एकसष्ट दिवस बोटी वर ओढलेल्या, तेव्हा हेच बंदर इतकं गप्प असतं की सायकल आरामात चालवता येते. पण तेव्हा चालवावीशी वाटत नाही, आणि पाऊसही असतो म्हणा. नाक्यावर मावशीनी पिशवी काढून घेतली, दोन बांगडे दिले, वास मात्र हँडलला पंधरा दिवस राहिला.

तिथून पेठकिल्ल्यावरून मांडवीला उतरायचं. मांडवीची वाळू काळी. लहानपणी आम्ही लोहचुंबक दोऱ्याला बांधून त्या वाळूतून ओढत न्यायचो, त्याला काळ्या कणांच्या मिशा फुटायच्या. मॅग्नेटाइट, इल्मेनाइट वगैरे नावं नंतर कळली, तेव्हा आम्ही त्याला लोखंडाचं पीठ म्हणायचो आणि डबीत भरून ठेवायचो. आता तेच पीठ सायकलच्या चेनमध्ये जाऊन बसतं. खारी हवा आणि वर ही वाळू, चेन चार दिवसांत लाल. मुलगा म्हणतो स्पेशल ल्यूब मिळतं, आई म्हणते शिवणाच्या मशीनचं तेल घाल. मी आईचं ऐकतो, ते घरात असतं म्हणून.

एक गोष्ट मात्र सायकलवर बसल्याशिवाय कळली नसती, वारा. शाळेत भूगोलाच्या पेपरात दर वर्षी यायचं, खारे वारे व मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा. मी तो फरक पाठ करून स्पष्ट करायचो आणि बाहेर आल्यावर विसरायचो, आणि आमची शाळा समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर! आता कळतं. पहाटे भाट्याच्या पुलावर वारा खाडीकडून, जमिनीकडून येतो, गार, चिखलाचा वास असलेला, तो मतलई. ऊन चढलं, जमीन तापली की तो पडतो, थोडा वेळ काहीच हलत नाही, आणि मग समुद्राकडनं खारा सुरू होतो. दुपारनंतर तो बहुतेक वायव्येचा असतो, म्हणजे दक्षिणेच्या पावस गावाकडून शहरात परत येताना बरोब्बर तोंडावर. पहिल्या गिअरवर टाकूनही पुलावर मी चालणाऱ्या माणसाच्या वेगानं जात होतो, एक बाई खरंच शेजारून पुढं गेली, तेव्हा उतरलो आणि म्हटलं जाऊ दे, यापेक्षा ढकललेली बरी. लगेच मागनं आवाज आला. पंक्चर काय वो?

पुलापलीकडची वाळू हा सगळ्यात चांगला तुकडा. सुरूचं बन, त्याच्यापुढं झरी विनायकाच्या देवळापर्यंत सरळसोट दीडेक किलोमीटर. ओहोटी लागली की ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट असते, कणांच्या मधलं पाणी त्यांना धरून ठेवतं, त्यावर सायकल आवाज न करता पळते. तिथं मी बसतो, ढकलत नाही. पाय टेकवला की पावलाभोवतीची वाळू क्षणभर पांढरी, कोरडी पडते आणि परत ओली होते, तेही बघत बसावंसं वाटतं. पण वर कोरड्या वाळूत घुसलात की चाक रुतलं. आणि हा रस्ता चोवीस तास उघडा नाही, त्याचं टाइमटेबल आहे आणि ते रोज पाऊण तासानं पुढं सरकतं.

आमच्या आजोबांचा हिशोब सोपा होता, तिथीची पाऊणपट. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, सहाला पूर्ण भरती, सकाळीही आणि संध्याकाळीही. चतुर्थीला तीन, द्वादशीला नऊ. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. दहा-पंधरा मिनिटं इकडंतिकडं होतात पण सायकलला तेवढं पुरतं. म्हणजे सकाळी सहा-सातला वाळू हवी तर पौर्णिमा किंवा अमावस्या उलटून गेल्यावरचे दोन-तीन दिवस पकडायचे. तेव्हा उधाण असतं, पाणी जेवढं वर चढतं तेवढंच लांब खालीही जातं, वाळू मैदानासारखी उघडी पडते. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी धड वर नाही की खाली नाही, आणि सकाळी तर भरतीच, त्या दिवशी आपलं सुरूच्या बनातून गुपचूप चालायचं.

मी हे राजिवड्याच्या एका चाचांना जरा ऐटीत सांगितलं. ते जाळं विणत बसले होते. म्हणाले, आमी चांद मोजतो. त्यांचा चांद दिसल्यापासून पहिला, माझी तिथी कालनिर्णयातली, दोन्हीत एखाद-दोन दिवसांचा फरक, तो फरक त्यांच्या बोटांवर आधीच धरलेला. मी मनातल्या मनात गुणाकार करत होतो तोवर त्यांनी पाण्याकडे बघितलं आणि सांगून टाकलं, अजून अर्धा तास चढंल. मग सायकलकडे बघून म्हणाले, आन् हिला काय झालं? पंक्चर?

आता मुलगा दिवाळीला येतोय, धनत्रयोदशीच्या सकाळी पोचेल. मी हिशोब करून ठेवलाय, तेराची पाऊणपट पावणेदहा, म्हणजे दुपारी चारला ओहोटी, भाट्याला वाळूच वाळू. फोनवर सांगितलं तर एकदम खूश झाला, म्हणाला मस्त, मी सायकल घेतो, तुम्ही चाला. बरोबरच आहे, सायकल त्याचीच आहे. फोन ठेवला आणि बायकोला म्हटलं, अगं, पण मग मी हातात काय धरून चालू?

ती कंदिलाचे कागद कापत होती. मान वर न करता म्हणाली, छत्री न्या.