आमची वाटचाल : तीन फुटांचा खड्डा

मुलुंडला, डोंगराच्या बाजूला, आमची छोटी रोपवाटिका आहे. सोसायट्यांच्या बागा लावायच्या, त्या राखायच्या आणि झाड लावलं की तीन वर्षं सांभाळून द्यायचं, हे आमचं काम. आमच्या कोटेशनमधली पहिली ओळ कायम खड्ड्याची असते : तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. या ओळीपायी आमची जेवढी कामं हातची गेली तेवढी दुसऱ्या कशाहीपायी गेली नाहीत. तरी ती ओळ आम्ही काढलेली नाही.

मुंबईत खड्डा मारणं म्हणजे काय, ते पहार धरणाऱ्यालाच कळतं. मुलुंड-भांडुपला डोंगराकडे दीड फुटावर मुरूम लागतो आणि मुरमाखाली काळा पाषाण. शहराकडे उतरलात तर उलटी गत. कित्येक ठिकाणी भरावाची जमीन : विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, जुन्या लाद्या, सळ्या. समुद्राजवळ तर तीन फुटांच्या आतच मचूळ पाणी वर येतं. म्हणून खड्डा झाला की आम्ही लगेच झाड लावत नाही. आधी दोन बादल्या पाणी ओततो आणि रात्रभर तसंच ठेवतो. सकाळी पाणी जिरलेलं असेल तर पुढचं काम. तसंच साचलेलं असेल तर तळाला पहारीने दीड-दोन फूट खोल चार भोकं पाडून त्यांत खडी भरतो. तरीही जिरत नसेल तर जागा बदलायची, नाहीतर जात बदलायची. पाय ओले चालतात अशी झाडं आपल्याकडे आहेत : अर्जुन, कदंब, समुद्रफळ. खाऱ्या वाऱ्याला उंडी, करंज, पारोसा भेंड. बकुळ किंवा सोनचाफा साचलेल्या पाण्यात लावाल तर पहिल्याच पावसाळ्यात मुळं कुजतील.

भरण्याचं मिश्रणही ठरलेलं. निघालेल्या मातीतून दगड-डेब्रिज वेचून काढायचं. उरलेली माती दोन घमेली, लाल माती एक, पूर्ण कुजलेलं शेणखत एक, आणि खड्ड्यामागे अर्धा किलो निंबोळी पेंड. सगळा खड्डा खतानेच भरा म्हणणारे बरेच भेटतात. तसं केलं की दोन गोष्टी होतात. खत कुजून बसतं आणि झाड सहा इंच खाली जातं, मग बुंध्याशी पाणी साचतं. शिवाय मुळं त्या मऊ गादीतच फिरत राहतात, बाहेरच्या कडक जमिनीत शिरत नाहीत. कच्चं शेणखत घातलंत तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आलीच म्हणून समजा.

सुरुवातीचे आमचे भागीदार म्हणजे जुन्नरकडचे माळीकाका. भांडवल म्हणून त्यांनी अवजारं आणली : दोन कुदळी, खुरपी, सिकेटर (छाटणीची कात्री), आणि पाच फुटी अष्टकोनी पहार. पहारीचं एक टोक चपटं, एक अणकुचीदार. चपट्या टोकापासून मोजून बरोबर तीन फुटांवर त्यांनी तांबड्या ऑइलपेंटचा पट्टा मारला होता. पट्टा जमिनीला टेकला म्हणजे खड्डा झाला, टेप लागत नाही. दर मे महिन्यात पहार लोहाराकडे जायची, टोक ठोकून, पाणी पाजून यायची. काका आता गावी असतात. पहार आमच्याकडेच आहे, पट्टा दरवर्षी नव्याने मारतो.

मधल्या दहा-बारा वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. सोसायट्या वाढल्या, टेम्पो आला.

2019 साली पश्चिम उपनगरातल्या एका मोठ्या संकुलाने तीनशे झाडांचं काम काढलं. आमच्याशी तोंडी बोलणं झालं आणि त्या भरवशावर आम्ही कर्ज काढून 320 रोपं तयार केली : ताम्हण, बहावा, बकुळ, कदंब, अर्जुन. 18 बाय 18 इंची पिशवीत, सहा-सात फुटी. ऐनवेळी दुसऱ्या एका ठेकेदाराने पंधरा फुटी झाडं देतो म्हणून सांगितलं आणि दर आमच्याहून कमी लावला. कसा लावला, ते या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. झाड पंधरा फुटी असलं तरी पिशवी तीच अठरा इंची, आणि खड्डा पिशवी जेमतेम बसेल एवढाच. खोदाई, डेब्रिजची वाहतूक, लाल माती, तीन वर्षांचं पाणी, हा खर्च काढून टाकला की दर आपोआप उतरतो. उद्घाटनाच्या दिवशी तिथे झाडोरा उभा राहिला, फोटो झाले. आम्हाला साधा निरोपही कुणी दिला नाही. त्याचा राग आजही आहे.

आमच्या 320 रोपांपैकी फार थोडी त्या पावसाळ्यात खपली. पिशवीतलं रोप दुसऱ्या वर्षी पिशवीतच राहिलं की मुळांना बाहेर वाट मिळत नाही, ती कडेकडेने गोल फिरू लागतात. तसंच विकलं असतं तर पैसे सुटले असते, कारण वरून रोप हिरवंगार दिसतं, गिऱ्हाइकाला काही कळत नाही. आम्ही विकलं नाही. पुढच्या जूनमध्ये मोठ्या पिशवीत बदलायचं ठरवलं, आणि मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली.

माणसं गावी गेली, टँकर बंद झाला. एप्रिलच्या उन्हात 18 इंची पिशवीला रोज चार-पाच लिटर पाणी लागतं. दोन दिवस चुकलं की कडेची बारीक मुळं जळतात आणि आठवड्याने शेंड्याकडून पानं करपायला लागतात. तोवर उशीर झालेला असतो. सगळा माल धरून आम्हाला रोज तीन हजार लिटर हवं होतं. आमच्या वाडीला लागून जी सोसायटी आहे तिचे सेक्रेटरी आमचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या आवारात जुनी विहीर आहे. कमिटीची परवानगी घेऊन त्यांनी विहिरीची मोटर पहाटे दोन तास आमच्यासाठी सुरू ठेवली आणि भिंतीवरून पाइप टाकून दिला. आम्ही पिशव्या एकमेकींना चिकटवून सावलीत लावल्या, म्हणजे कडा तापत नाहीत. वर 50 टक्के सावलीची हिरवी जाळी, पिशवीच्या तोंडावर तीन इंच पालापाचोळा. एवढ्याने पाणी जवळपास निम्म्यावर आलं.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर रोपांची मुळं छाटली. पिशवी उभी फाडायची. हुंडीच्या, म्हणजे मुळांसकट मातीच्या गोळ्याच्या, चारही बाजूंना धारदार सुरीने वरून खाली एक इंच खोल चिरा द्यायच्या. तळाची इंचभर गुंता झालेली चकती कापून टाकायची. मुळं कमी केली म्हणून वरचीही एक तृतीयांश पालवी उतरवायची. मग 21 इंची पिशवीत, तीन आठवडे जाळीखाली. 320 पैकी 211 जगली. बाकीच्यांचं कर्ज आम्ही 2023 पर्यंत फेडत होतो.

17 मे 2021 ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं. शहरभर झाडं पडली, जुनीही आणि नवीही. त्याच संकुलातून दुसऱ्या दिवशी आम्हाला फोन आला. साठेक झाडं आडवी झाली होती, शंभरावर कलली होती. एक झाड उचललं तर खाली पिशवीचं काळं प्लास्टिक तसंच. दोन पावसाळे झाले तरी मुळांचा आकार पिशवीएवढाच, चकलीसारखी गोल गोल वळलेली. एकही मूळ बाहेरच्या मातीत गेलेलं नव्हतं. ही झाडं नुसत्या वाऱ्याने पडली नव्हती.

नवं झाड आडवं झालं तर ते बऱ्याचदा वाचतं, पण दोन दिवसांच्या आत हालचाल हवी. उघडी पडलेली मुळं लगेच ओल्या गोणपाटाने झाकावीत, ऊन लागू देऊ नये. तुटलेली मुळं सिकेटरने साफ कापावीत. शेंडा एक तृतीयांश उतरवावा. जिकडून मुळं उपटली तिकडे खड्डा पुरेसा मोठा करावा आणि मगच झाड सावकाश उभं करावं, दोरीने हिसका देऊन नाही. तीन बाजूंनी बांबूचे टेकू. त्या संकुलातली जी उभी करता आली ती आम्ही अशीच केली. त्या कामाचं बिल अजून येणं आहे.

आता काही गोष्टी, ज्या कुणी विचारत नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

रोप घेताना वर बघू नका, खाली बघा. खोड जिथे फुगीर होऊन मुळांना मिळतं तो भाग पिशवीत मातीच्या वर दिसला पाहिजे. लावतानाही तो जमिनीपेक्षा इंच-दोन इंच वर ठेवा, कारण माती बसते. पिशवी फाडून पूर्ण काढा. नुसत्या चिरा देऊन आत सोडणारे माळी अजून आहेत. बांबू खोडाला चिकटून नको, दोन्ही बाजूंना एकेक, आणि काथ्याने आठच्या आकड्यात सैल बांधा. तार कधीच नको. वर्षाने बांबू काढा, नाहीतर खोड टेकूच्याच आधाराने वाढतं आणि जाडी धरत नाही. लोखंडी ट्री गार्डचंही तेच. वेळेवर काढला नाही की कडी सालीत रुतते.

पहिले दोन जोरदार पाऊस झाले की लावायचं, जुलैअखेरपर्यंत. ऑगस्टनंतर लावलेल्या झाडाला ऑक्टोबरच्या उन्हाआधी मूळ धरायला वेळच मिळत नाही. पाऊस गेल्यावर पहिल्या वर्षी आठवड्यातून दोनदा वीस-वीस लिटर, एप्रिल-मेमध्ये तीनदा. दुसऱ्या वर्षी आठवड्याला एकदा, पण जास्त. रोज थोडं थोडं शिंपडलंत तर मुळं वरच राहतात.

जुन्या झाडांकडेही बघा. बुंध्यापर्यंत पेव्हर किंवा काँक्रीट आलं असेल तर निदान चारी बाजूंनी एक मीटर मोकळं करा, हाताने, ब्रेकर न लावता, नाहीतर वरची मुळं तुटतात. पर्जन्यवृक्षाखाली उभ्या गाड्यांवर चिकट थेंब पडायला लागले, पानांमागे पांढरा कापूस दिसला आणि खोडावर मुंग्यांची रांग लागली, तर तो पिठ्या ढेकूण आहे, फांद्या वाळायची वाट पाहू नका. मुंबईने असे कितीतरी मोठे पर्जन्यवृक्ष गमावले आहेत. फांदी छाटायची असेल तर 1975 च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे आधी पालिकेची परवानगी. आणि छाटताना एका घावात नाही : खोडापासून फूटभर लांब खालून एक तृतीयांश काप, मग जरा पुढे वरून काप, म्हणजे फांदी साल न सोलता पडते. उरलेला खुंट शेवटी खोडालगतच्या फुगवट्याशी कापायचा. जखमेला बोर्डो पेस्ट : मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर, दोन्ही वेगवेगळे प्लास्टिकच्या बादलीत विरघळवून मग एकत्र. लोखंडी भांडं चालत नाही.

जमीन वाईट आहे म्हणून झाड होणार नाही, असं मात्र आम्हाला सांगू नका. माहीमचं निसर्ग उद्यान जुन्या कचराभूमीवर उभं आहे. राणीची बाग 1862 पासून त्याच जागी आहे, तिथली गोरखचिंच बघून या.

शेजारच्या सेक्रेटरीसाहेबांच्या गेटपाशी आम्ही लावलेली बकुळ आहे. दर 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं की ते शिवणकामाच्या टेपने जमिनीपासून साडेचार फुटांवर तिचा घेर मोजतात आणि मेंटेनन्सच्या वहीत शेवटच्या पानावर लिहितात. गेल्या वर्षी 26 इंच होता. या वर्षी त्यांनी पार्किंगच्या कडेला आणखी दोन खड्डे मागितलेत, आमच्या त्या 211 पैकी शेवटच्या दोन ताम्हणींसाठी. पेव्हर उचलून झाले. एका खड्ड्यात पहार पट्ट्यापर्यंत गेली. दुसऱ्यात सव्वादोन फुटांवर पाषाण लागलाय, तिथे उद्या छिन्नी-घण घेऊन माणूस येतोय.