तुम्ही विचारलंत म्हणून : लाखाच्या सुटात बघायचं तरी काय?

लग्नाचा मोसम जवळ आला की रत्नागिरी-चिपळूणकडून हा प्रश्न हमखास येतो. "मुंबईला मॉलमध्ये डिझायनर सूट बघून आलो. किंमत लाखाच्या घरात. तेवढा माल त्यात आहे, की नुसत्या नावाचे पैसे?"

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. सूट आपल्या किनाऱ्यावर वापरायचा असेल तर दोनच गोष्टी आधी बघा: कोटाच्या आत कॅनव्हास आहे का, आणि खांदा बसतो का. यातल्या एकीत जरी खोट निघाली तरी लेबल कुठलंही असो, सूट तिथेच ठेवून बाहेर पडा. बाकीचं बरंचसं दुरुस्त होतं, नाहीतर चालवून घेता येतं.

कोटाच्या पुढच्या भागात वरचं कापड आणि आतली बाजू यांच्यामध्ये आकार धरून ठेवणारा एक थर असतो. तो बसवायची जुनी रीत म्हणजे घोड्याचे केस, लोकर, सूत यांचा कॅनव्हास टाक्यांनी अडकवायचा. तो आत मोकळा राहतो आणि अंगाबरोबर हलतो. दुसरी रीत फ्यूजिंगची. गोंदाचे बारीक ठिपके असलेला थर गरम प्रेसखाली कापडाला चिकटवून टाकायचा. काम झटपट होतं, म्हणून स्वस्त पडतं. हाफ कॅनव्हास हा मधला मार्ग: छातीत आणि लॅपलमध्ये (कॉलरखाली छातीवर दुमडलेली पट्टी) कॅनव्हास, खिशाच्या खाली फ्यूजिंग.

आता आपल्या हवेत काय होतं बघा. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओलावा शोषते, तरी हाताला ओली लागत नाही. शोषताना ती किंचित फुगते, सुकताना आटते. चिकटवलेला थर तिच्या मापाने फुगत नाही की आटत नाही. चार महिने पावसाळी कपाटात, मग मे महिन्यात हॉलमधला घाम, मध्ये ड्रायक्लीनिंग आणि वाफेची इस्त्री. दर वेळी कापड आणि थर एकमेकांना ओढतात, गोंद कुठेतरी सुटतो आणि छातीवर, लॅपलवर फुगे दिसायला लागतात. इस्त्रीने दाबले तर तात्पुरते बसतात, पुढच्या दमट दिवशी पुन्हा वर येतात. कायमचा इलाज नाही. हल्लीचं फ्यूजिंग पूर्वीपेक्षा बरंच चांगलं आहे आणि दहा-बारा हजारांच्या सुटात ते असणारच, त्याबद्दल तक्रार नाही. लाख रुपये मोजून ते कशाला घ्यायचं, एवढंच म्हणणं.

ओळखायचं चिमटीने. सगळ्यात खालच्या काजाच्या थोडं खाली कोटाचा पुढचा भाग धरा. एका हाताने वरचं कापड आणि दुसऱ्याने आतली बाजू हलकेच वेगळी ओढा आणि बोटांत चोळा. दोघांच्या मध्ये तिसरा थर सुटा सरकताना लागला तर पूर्ण कॅनव्हास. इथे दोनच थर, त्यातही वरचा जाड आणि ताठ, पण छातीजवळ तिसरा सापडतो, तर हाफ. कुठेच नाही तर फ्यूजिंग. सेल्समन काय सांगतो ते ऐका, पण चिमटी घेतल्याशिवाय राहू नका. लॅपलही वाकवून सोडा. कॅनव्हासचा लॅपल बटणाकडून वर येताना गोलाई धरून वळतो, मागच्या बाजूला टाक्यांचे बारीक खळगे अंधुक दिसतात. इस्त्रीने कागदासारखी सपाट घडी घातलेला लॅपल बघितला की शंका घ्यावी.

खांदा बघताना भिंतीला बाजू लावून उभे राहा. दंड टेकायच्या आधी खांद्याचं पॅड भिंतीला लागलं तर खांदा मोठा. बाहीच्या सुरुवातीला दंडावर खळगा पडत असेल तर बहुधा अरुंद. खांदा बदलायचा म्हणजे बाही, कॉलर, पॅड सगळं उसवावं लागतं. त्या भानगडीत पडू नये. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. इटलीतल्या नेपल्सच्या शिलाईत बाही शर्टासारखी बसवतात, तिथे खांद्याला मुद्दाम बारीक चुण्या असतात आणि पॅड जवळजवळ नसतं. इटालियन डिझायनर अरमानीनेही 1970 च्या दशकात कोटातलं पॅड आणि अस्तर काढून टाकूनच नाव कमावलं. तेव्हा मऊ कोट म्हणजे कच्चा कोट असं समजू नका. मात्र जॉर्जिओ अरमानी आणि एम्पोरियो अरमानी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. बड्या नावांखाली अशी वरची-खालची लेबलं असतात, त्यामुळे चिमटी प्रत्येक कोटाला वेगळी घ्यायची.

आरशासमोर लोक छाती काढून, श्वास रोखून उभे राहतात. लग्नात तसं कोण उभं राहतं? हात सैल सोडून नेहमीसारखे उभे राहा आणि कोणालातरी मागून फोटो काढायला सांगा. कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून हवी, मध्ये फट नको. कॉलरच्या खाली आडवी वळी पडली तर खांद्याचा उतार जुळलेला नाही. बटण लावल्यावर त्याच्याभोवती फुलीसारखे ताण दिसले तर पोटाला घट्ट. मागचे काप उघडे राहिले तर बैठकीला घट्ट. मग अक्षता टाकायला उचलतो तसा हात वर करा. हाताबरोबर सबंध कोट वर आला तर मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, खोल कापलेला आहे. मुंढा वर, काखेजवळ असला तर हात मोकळा फिरतो आणि कोट जागेवर राहतो. सैल मुंढा आरामाचा, हा समज उलटा आहे.

दुरुस्त काय होतं? कंबर इंच-दीड इंच आत घेता येते. सोडायची असेल तर आत माया, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, किती आहे त्यावर. पँट उलटी करून मागची शिवण बघा. दीड इंच माया असेल तर शिवणाऱ्याने विचार केलाय. कोटाची लांबी कमी केली की खिसे खाली घसरल्यासारखे दिसतात, ती नकोच. बाहीत एक सापळा असतो. महागड्या कोटाच्या बाहीची बटणं खरोखर उघडतात, ऐट म्हणून. पण काजं कापलेली असली की बाही मनगटाकडून आखूड करता येत नाही, खांद्याकडून करावी लागते आणि ते खर्चिक. शर्टाची कफ पाव ते अर्धा इंच दिसायला हवी. ती दिसत नसेल तर काजं कापायच्या आधीच मापं पक्की करा.

लॅपलच्या कडेचे बारीक टाके बघून भुलू नका, ते मशीनवरही निघतात. काजातून धागे बाहेर आलेले दिसले तर मात्र काम घाईचं. चौकड्याचं कापड असेल तर खिशाच्या झाकणावर आणि मागे कॉलरखाली रेघा जुळल्यात का बघा. जुळवायला कापड जास्त लागतं, म्हणून तिथेच काटकसर होते.

कापडावर 'सुपर' नंबर असतो, लोकर जितकी बारीक तितका तो मोठा. नंबर चढता म्हणून चांगला, असं आपल्याकडे चालत नाही. सुपर 150 च्या लोकरीचा तंतू साधारण 16 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), इतका बारीक की कापड दोन वापरांत चुरगळतं. सुपर 100 ते 120, पीळदार धागा, उघडी वीण, मीटरला 240 ते 280 ग्रॅम, एवढं पुरे. त्यातून हवा खेळते आणि सुरकुत्या टांगल्या टांगल्या जातात. आतलं अस्तर पॉलिएस्टरचं असेल तर वरच्या लोकरीचा उपयोग काय? व्हिस्कोस किंवा क्युप्रो (हवा खेळू देणारी, रेशमासारखी अस्तरं) हवं, पाठीला अर्धंच असलं तर उत्तम.

घरी आणल्यावर मागच्या कापांवरचा फुलीचा कच्चा टाका आणि बाहीवरचं लेबल काढा. ते तसंच ठेवून स्टेजवर जाणारे नवरदेव अजूनही दिसतात. लग्नानंतर कोट रात्रभर पंख्याखाली रुंद लाकडी हँगरवर टांगा. पाऊस लागायच्या आधी एकदा ड्रायक्लीनिंग करून घ्या, कारण घाम आणि जेवणाचे डाग राहिले की कसर तिथेच लागते. लाँड्रीची प्लॅस्टिकची पिशवी काढून सुती खोळ घाला. पिशवीत ओलावा कोंडतो आणि श्रावणापर्यंत कॉलरवर बुरशी येते. पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा कपाटाचं दार उघडं ठेवा, कोट उन्हात नको, वाऱ्यावर.