महासंघवाले नेमकं करतात तरी काय?

युनियनच्या कचेरीत पत्रव्यवहार आणि इतिवृत्तं लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे हा प्रश्न मला हमखास येतो. "युनियन कळते हो. गेटवर उभी राहते, बोलणी करते, वेळ आली तर संप करते. पण हे प्रादेशिक महासंघ? परिषदा भरवायच्या, ठराव करायचे, फोटो काढायचे, एवढंच ना?" पुन्हा विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहितो.

आधी 'प्रादेशिक' या शब्दाचा घोळ. इथे प्रदेश म्हणजे जिल्हा किंवा प्रांत नव्हे, जवळजवळ अख्खा खंड. आयटीयूसी ही कामगार संघटनांची जागतिक शिखर संघटना २००६ साली व्हिएन्नात उभी राहिली. तिचा आशिया-पॅसिफिक महासंघ २००७ मध्ये बंगळुरूत स्थापन झाला, आफ्रिकेचा त्याच वर्षी अक्रामध्ये, आणि दोन्ही अमेरिकांचा २००८ मध्ये पनामा सिटीत. युरोपचा महासंघ, ईटीयूसी, या सगळ्यांहून जुना: १९७३चा.

यांपैकी कोणाच्याही हातात एकसुद्धा कारखाना नाही. संप करायचा तर तो सभासद संघटनांनीच करायचा. मग उपयोग काय? कंपनी सीमा ओलांडते आणि कामगाराचं संरक्षण सीमेवर थांबतं, त्या फटीत हे महासंघ काम करतात. म्हणायला सोपं आहे, म्हणून एक उदाहरण देतो.

फेब्रुवारी १९९७. बेल्जियममधल्या विल्वोर्डे इथला कारखाना बंद करत असल्याचं रेनो या फ्रेंच मोटार कंपनीनं जाहीर केलं. सुमारे ३,१०० माणसांच्या नोकऱ्या जाणार होत्या आणि निर्णय झाला होता फ्रान्समध्ये. एकट्या बेल्जियन युनियननं गेटवर कितीही घोषणा दिल्या असत्या, तरी ऐकणारा माणूस दुसऱ्या देशात बसलेला. पण मार्चमध्ये बेल्जियम, फ्रान्स आणि स्पेनमधल्या रेनोच्या कामगारांनी एकाच वेळी काम थांबवलं. ब्रसेल्समध्ये हजारोंचा मोर्चा निघाला. बेल्जियन आणि फ्रेंच अशा दोन्ही न्यायालयांनी कंपनीला दोषी ठरवलं, कारण कामगार प्रतिनिधींना आधी माहिती देऊन सल्लामसलत करणं तिला बंधनकारक होतं. अनेक देशांत पसरलेल्या कंपन्यांना असं बंधन घालणारा युरोपीय कायदा १९९४चा. तो व्हावा म्हणून ईटीयूसीनं कित्येक वर्षं कागदी घोडे नाचवले होते. तेच घोडे इथे कामी आले.

कारखाना मात्र वाचला नाही. जुलैत तो बंदच झाला. हा भाग भाषणांतून बहुधा गाळतात, आणि मला त्याची चीड येते. हाती काय लागलं, तर एक पायंडा, आणि २००२ साली आलेला माहिती व सल्लामसलतीचा आणखी व्यापक कायदा. विल्वोर्डेच्या कामगाराला त्याचा काय उपयोग? फारसा नाही.

महासंघाची खरी परीक्षा मालकापुढे होते असं लोकांना वाटतं. माझ्या मते ती घरात होते. २००४ साली स्वीडनमधल्या वाक्सहोममध्ये लाव्हाल ही लॅटव्हियन कंपनी आपले कामगार आणून शाळेचं बांधकाम करत होती. स्वीडिश करार लागू करा, म्हणून तिथल्या बांधकाम कामगारांच्या युनियननं काम अडवलं. आता लॅटव्हियन मजुराच्या जागी स्वतःला ठेवून बघा: मायदेशापेक्षा बरी मजुरी मिळत होती, आणि परक्या देशातले 'बंधू'च काम बंद पाडत होते. दोन्ही देशांतल्या संघटना ईटीयूसीच्याच सभासद. कोणाची बाजू घ्यायची? डिसेंबर २००७ मध्ये युरोपीय न्यायालयाचा निकाल युनियनच्या विरोधात गेला. महासंघानं धरलेली भूमिका अशी: मजूर कुठून आला ते बघू नका, काम जिथे चालतं तिथला मोबदला द्या. त्या धर्तीवर कायदा सुधारायला २०१८ उजाडलं. अकरा वर्षं! तोवर शाळेतली पोरं कॉलेजात गेली असतील.

आणखी एक काम आहे, कमी दिसणारं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आयएलओमध्ये, एकटा कामगार तक्रार घेऊन जाऊ शकत नाही. संघटना स्वातंत्र्याची, म्हणजे युनियन काढण्याच्या हक्काची, समिती तिथे १९५१पासून आहे. देशानं त्या विषयावरचे करार मान्य केलेले नसले, तरी तिच्यापुढे तक्रार चालते, पण ती यावी लागते कामगार संघटनेसारख्या एखाद्या संघटनेकडून, एकट्यादुकट्याकडून नव्हे. देशातली संघटनाच चिरडलेली असेल, पदाधिकारी आत असतील, तर सही कोणी करायची? अशा वेळी बाहेरच्या महासंघाची सही लागते. ब्रह्मदेशातल्या वेठबिगारीची तक्रार १९९६ मध्ये श्रम संघटनेच्या वार्षिक परिषदेतल्या कामगार प्रतिनिधींनीच दाखल केली. देशाबाहेर पडलेल्या ब्रह्मी संघटकांनी पुरावे गोळा केले, चौकशी आयोग बसला, आणि २००० साली श्रम संघटनेच्या घटनेतलं ३३वं कलम, म्हणजे आयोगाच्या शिफारशी न पाळणाऱ्या देशावर कारवाईची मुभा देणारं कलम, इतिहासात पहिल्यांदा वापरलं गेलं. लष्करी राजवट त्यानं कोसळली नाही, पण तिला इन्कार करत बसणं अवघड झालं.

दोष भरपूर आहेत. बैठकांची भाषा कारखान्यातल्या माणसाला कळत नाही. श्रीमंत देशांच्या संघटनांची वर्गणी मोठी, म्हणून आवाजही मोठा. घरकामगार, कंत्राटी मजूर, ॲपवरून सामान पोहोचवणारी पोरं या सगळ्यांना आत यायला फार उशीर लागला. ठरावांच्या मसुद्यात एका स्वल्पविरामावरून दुपार गेलेली मी पाहिली आहे. (स्वल्पविराम माझा होता, आणि तो बरोबर होता.)

तरीही एका ठिकाणी संप सुरू झाला की आमच्या कचेरीत पहिलं काम ठरलेलं असायचं. महासंघाच्या यादीतून त्याच कंपनीच्या दुसऱ्या देशातल्या युनियनचा नंबर काढायचा आणि विचारायचं, "या आठवड्यात तुमच्याकडे अचानक ओव्हरटाइम वाढलाय का?" बऱ्याचदा पलीकडून क्षणभर काहीच ऐकू यायचं नाही. मग उत्तर यायचं, "हो. का हो?"